ख्रिस्ताशी ऐक्य : गुरुवारच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

ऐरोलीला आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पवित्र शास्त्राचा अभ्यास असतो. ठाणे, रबाळे, घणसोली अशी तिन्हीकडून माणसं येतात, त्यामुळे ट्रान्सहार्बरची गाडी रखडली की आमचा अभ्यासही रखडतो. दर पावसाळ्यात आम्ही नव्या करारातलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं रोमकरांस पत्र घेतो. सहावा अध्याय आला की प्रश्न तेच, फक्त विचारणारे बदलतात. उत्तरं देता देता चहा निवतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी पाळक नाही. शाळेत मराठी शिकवायचे, माहेर नगरचं, आणि घरात उपासना-संगीत ऐकतच वाढले. एवढीच माझी पात्रता.

‘युनियन विथ ख्राइस्ट’ म्हणजे कामगार युनियनसारखं काही का?

हसू नका. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या एका काकांनी हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मला तो प्रश्न आवडला. युनियनमध्ये एकाच्या हाताला मशीन लागलं की सगळे काम थांबवतात, हे त्यांनीच सांगितलं. तेवढं इथेही आहे. पण वर्गणी भरून युनियनमध्ये गेलेला माणूस आतून होता तसाच राहतो.

ख्रिस्ताशी ऐक्य म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याचं जीवन पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्ताच्या जीवनाशी असं जोडलं जाणं की त्याचं मरण ते माझं मरण आणि त्याचं उठणं ते माझं उठणं. क्षमा, नीतिमान ठरणं, देवाचं लेकरू म्हणून दत्तक जाणं, पवित्र होत जाणं, शेवटी पुनरुत्थान, हे सगळं सुटं सुटं वाटलेलं बक्षीस नव्हे. ख्रिस्त मिळाला की त्याच्याबरोबर ते आलंच. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५५९ साली आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या आवृत्तीत हेच उलट बाजूने मांडलं: ख्रिस्त आपल्या बाहेर उभा आहे तोवर त्याने सोसलेलं आणि केलेलं काहीच आपल्या उपयोगाचं नाही.

त्याच्या आधी १५२० मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लग्नाचं उदाहरण घेतलं होतं. लग्न लागलं की नवरीचं कर्ज नवऱ्याच्या अंगावर आणि नवऱ्याचं घरदार नवरीचं. आमच्या गटातल्या बायकांचं यावर म्हणणं असं की कर्ज अंगावर घेणारा नवरा आधी दाखवा.

हे शब्द शास्त्रात कुठे आहेत? मला तर दिसले नाहीत.

दिसले, पण तुम्ही ओलांडून पुढे गेलात. शब्द आहे ‘ठायी’. ‘ख्रिस्ताच्या ठायी’, ‘प्रभूच्या ठायी’, ‘त्याच्या ठायी’. आपल्या मराठी भाषांतराने हा जुना, ज्ञानेश्वरीतला शब्द धरून ठेवला आणि नव्या मुलांना तो अडतो. नेरूळहून येणारी एक मुलगी ‘ठायी’ म्हणजे ‘ठायीठायी’मधला का, असं विचारत होती. हो, तोच. ठाय म्हणजे जागा. ख्रिस्त ही माझी जागा, माझा पत्ता. नव्या भाषांतरांत ‘ख्रिस्तामध्ये’ असतं, तेही बरोबर आहे, पण मला ‘ठायी’त राहायला गेल्यासारखं वाटतं.

‘ख्रिस्ती’ हा शब्द सबंध बायबलात फक्त ३ वेळा येतो: दोनदा प्रेषितांची कृत्ये यात आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. पौलाच्या पत्रांत एकदाही नाही. त्याला विश्वासणाऱ्याची ओळख सांगायची असली की तो ‘ख्रिस्ताच्या ठायी असलेला’ असंच म्हणतो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे, आणि त्यात ‘त्याच्या ठायी’ या अर्थाचे शब्द दहाअकरा वेळा येतात. माणूस श्वास न घेता बोलत सुटला आहे.

दिशाही एकेरी नाही. आपण ख्रिस्तामध्ये आणि ख्रिस्त आपल्यामध्ये, दोन्ही आहे. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो की आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्या ठायी जगतो.

म्हणजे येशूसारखं वागायचं, एवढंच ना?

वागायचं आहेच. पण वागणं हे फळ, मूळ नव्हे. गांधीजींचं अनुकरण करणारा माणूस गांधीजींमध्ये आहे असं आपण म्हणत नाही. पौल मात्र तसंच बोलतो.

मग हे आपलं अद्वैतच झालं की! सायुज्य मुक्ती म्हणा.

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो यायलाच हवा. मराठी कानाला ‘देवाशी एक होणं’ नवीन नाही. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्ती आपल्याकडे आजीच्या तोंडी असायच्या.

पहिल्या वर्षी माझंच चुकलं. समजायला सोपं म्हणून मी सांगून बसले, दुधात साखर विरघळते ना, तसं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या गुरुवारी कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, “बाई, मग साखर उरली कुठे?” मला उत्तर देता येईना. पुढे वाचनात आलं की बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्ड या ख्रिस्ती साधूनेही असंच काहीसं लिहिलं होतं, द्राक्षारसात पडलेल्या पाण्याच्या थेंबाचं. पण तो माझ्यापेक्षा सावध. माणसाचं मूळ द्रव्य राहतंच, असं त्याने लगेच तिथेच जोडून दिलं. त्याचं दुसरं उदाहरण जास्त चांगलं आहे: भट्टीत लालबुंद झालेलं लोखंड. विस्तवासारखं दिसतं, विस्तवासारखं भाजतं, पण लोहाराला विचारा, ते लोखंडच असतं.

ख्रिस्ती ऐक्यात दोघं उरतात, फरक इथे आहे. निर्माता निर्माताच राहतो आणि निर्मिती निर्मितीच. करिंथकरांस पहिल्या पत्रात म्हटलं आहे की जो प्रभूशी जडला तो त्याच्याशी एक आत्मा होतो. ‘जडला’ हे क्रियापद पाहा. जडायला दोन लागतात. शिवाय हे ऐक्य एखाद्या निराकार तत्त्वाशी नाही, पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर गेलेल्या आणि उठल्यावरही हातावर व्रण असलेल्या एका माणसाशी आहे.

आता माझं मत. अद्वैताच्या वाटेने हे समजायला जड जातं, पण भक्तीच्या वाटेने मराठी माणसाला फार जवळ येतं. तुकोबांनी मुक्ती नको म्हटलं, गर्भवास सोसायची तयारी दाखवली, पण संतसंग मागितला. प्रेम करायला दुसरा हवा, हे त्या मागण्यामागचं शहाणपण. तुकोबा ख्रिस्ती शिकवण देत होते असा माझा दावा नाही, तो लबाडपणा होईल. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, आणि त्यांचे अभंग आम्ही अजून रविवारी गातो. पूल पूलच असतो, त्यावर घर बांधत नाहीत. तरी तो नसता तर आमच्या पणजोबांनी नदी कशी ओलांडली असती, कोण जाणे.

तुम्ही सारखं कलमाचं सांगता. ते काय आहे?

घोडबंदर रोडला एका नर्सरीत दापोलीकडचे एक माळीकाका होते. त्यांच्याकडे मी तुळस आणायला गेले आणि दोन तास बसून राहिले. ते आंब्याची कोय कलमं बांधत होते. कोय रुजून दहापंधरा दिवस झालेलं रोप, पानं अजून तांबूस. ते त्यांनी वितीच्या आतच वरून छाटलं. उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर दिली. मग हापूसची बोटभर जाडीचीही नसलेली काडी घेतली, खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं केलं, चिरेत बसवलं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळलं. वरून एक छोटी पिशवी टोपीसारखी चढवली. “साल सालीला लागली पाहिजे,” एवढंच बोलले.

पाहता पाहता मला रोमकरांस पत्राचा सहावा आणि कलमाचा दाखला असलेला अकरावा अध्याय एकदम समोर आल्यासारखा झाला. काडी आणि खालचा खुंट, दोघांनाही सुरी लागते. खुंटालाही चीर पडते, हे मी तोवर कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. काडी आपल्या झाडापासून पूर्ण तुटलेली असते, तिला दुसरा आधार नाही. जोड धरला तर जगेल, नाहीतर वाळेल. आणि धरल्यावरही हापूसची काडी हापूसच राहते, रस तेवढा दुसऱ्याचा येतो.

कोणी म्हणेल, आंब्यात फळ काडीचं लागतं, खुंटाचं नाही, मग उदाहरण उलटं नाही का झालं? झालं. पौलालाही ते माहीत होतं. माळी नेहमी चांगल्या झाडाची काडी रानटी खुंटावर बांधतो. पौल मात्र रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केल्याचं सांगतो आणि स्वतःच म्हणतो की हे निसर्गाविरुद्ध आहे. म्हणजे चूक नव्हे, तीच तर बातमी. या एका झाडावर खुंटाचा रस काडीचा स्वभाव बदलत जातो.

माळीकाकांनी आणखी एक प्रकार सांगितला, भेट कलम. त्यात काडी आपल्या मूळ झाडावरच असते. रोप तिच्याजवळ नेऊन दोघांची साल थोडी तासतात आणि बांधून ठेवतात. काडी हिरवीगार दिसते, पण बरेच दिवस ती जगत असते जुन्याच झाडावर. जोड धरला की नाही हे मागून कापल्यावर कळतं. माझ्यासारख्या जन्मजात ख्रिस्ती माणसांना हे ऐकून जरा घाम फुटायला हवा. चर्चला टेकून हिरवं राहणं आणि ख्रिस्तावर जगणं हे दिसायला बरीच वर्षं सारखंच दिसतं.

बाप्तिस्मा झाला म्हणजे ऐक्य झालं का?

इथे मंडळ्यांचं एकमत नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्यानेच माणूस ख्रिस्तात जोडला जातो आणि तो शिक्का पुसता येत नाही. बाप्टिस्ट म्हणतात, ऐक्य विश्वासाने होतं, पाण्यातून ते जाहीर होतं. बाकीचे या दोघांच्या मध्ये कुठेतरी. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय मात्र कोणालाच हलकं घेऊ देत नाही: ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्याच्या मरणात घेतला, त्याच्याबरोबर पुरले गेलो. बाळाच्या बाप्तिस्म्याला आपण केक कापतो तेव्हा हे वचन कोणी मोठ्याने वाचत नाही.

आणि प्रभुभोजन?

करिंथकरांस पहिल्या पत्रात त्या विधीतल्या भाकरीला ख्रिस्ताच्या शरीराची सहभागिता म्हटलं आहे. ती कशी, यावर १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले आणि भांडूनच उठले. ते भांडण मिटवण्याची जबाबदारी ऐरोलीच्या गटाने घेतलेली नाही. घरच्यांसाठी इतकं सांगते की जे खातो ते अंगी लागतं. याहून जवळचं ऐक्य स्वयंपाकघराला माहीत नाही.

आमचे शेजारी ऑर्थोडॉक्स आहेत. ते म्हणतात माणूस देवासारखा होतो. हे जरा जास्तच होत नाही का?

नवी मुंबईत मल्याळी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शेजारी असल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडेच येणार. त्यांचं म्हणणं नवीन नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने लिहिलं की ख्रिस्त माणूस झाला ते आपण देवासारखे व्हावे म्हणून. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ‘ईश्वरी स्वभावाचे वाटेकरी’ असे शब्द आहेतच. याचा अर्थ आपण पूजेला बसणार असा नाही. ग्रीक परंपरेत चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासने भेद केला: देवाचं मूळ तत्त्व कोणाच्याही हाती लागत नाही, पण त्याची शक्ती, त्याचा प्रकाश आपल्यात उतरतो. सूर्य घरात येत नाही, ऊन येतं.

इथे दोन ऐक्यांची गल्लत होते. येशूच्या ठायी देवपण आणि माणूसपण एकाच व्यक्तीत आहे, हे एक. ४५१ साली खाल्केदोनच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने त्याविषयी ‘मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता’ अशी चार कुंपणं घातली. (आपले मल्याळी ऑर्थोडॉक्स शेजारी ही परिषद मानत नाहीत, तेव्हा जिन्यात वाद घालण्याआधी विचार करा.) आपलं त्याच्याशी ऐक्य हे दुसरं. पहिलं फक्त त्याचं. त्यामुळे मी ख्रिस्त होत नाही, ख्रिस्ताची होते.

मला काहीच जाणवत नाही. मग मी त्याच्यात आहे की नाही?

हा प्रश्न अभ्यासात कोणी विचारत नाही. निघताना, चपला घालताना विचारतात. एकीने लिफ्टची वाट बघत विचारलं. नवरा आजारी, रात्रपाळी, सकाळी ठाण्याला पोचून डबा करायचा. “बाई, प्रार्थनेला बसले की झोप लागते. ऐक्य कसलं!”

मी तिला माळीकाकांची पिशवी सांगितली. कलम बांधल्यावर दोनतीन आठवडे काहीच दिसत नाही. काडी काडीच दिसते, किंबहुना मेल्यासारखी. नवशिके काय करतात, तर रोज पट्टी सोडून बघतात, आणि बघूनच ते कलम मारतात. आत जोड चालू असतो, पण बाहेर खूण नाही. कलस्सैकरांस पत्रात हेच आहे: तुमचं जीवन ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेलं आहे. गुप्त म्हणजे स्वतःपासूनही गुप्त.

अनुभव येतात, नाही असं नाही. स्पेनच्या अविला गावच्या तेरेजा या संन्यासिनीने १५७७ साली आत्म्याला सात महालांचा किल्ला म्हटलं, आणि सातव्या महालात ख्रिस्ताशी आध्यात्मिक विवाह. तिचं वाचून मला आधी न्यूनगंडच आला, खरं सांगायचं तर. मग लक्षात आलं की सगळ्यात आतल्या महालात पोचल्यावरही ती शेवटी कामाचंच बोलते. हातून सेवा होते का, हे बघा म्हणते.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात ४ ते १० या सात वचनांत ‘राहणे’ हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये १० वेळा आहे. ‘जाणवणे’ एकदाही नाही. तिथे येशू वेल आणि आपण फाटे. फाट्याचं काम वेलात राहण्याचं. झोप लागली तरी फाटा वेलातच असतो. तिला मी म्हटलं, झोप.

पाप केलं की ऐक्य तुटतं का?

रुसवा आणि घटस्फोट यांत फरक आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लिश प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, लेखकांनी, विशेषतः जॉन ओवेनने, ऐक्य आणि सहवास वेगळे केले. ऐक्य देवाने धरलेलं असतं, सहवास कमीजास्त होतो. पापाने बोलणं बंद पडतं, नातं नाही. कॅथलिक शिकवण जास्त कडक आहे: प्राणघातक पापाने कृपेचं जीवन जातं आणि पापकबुलीने परत मिळतं.

योहान १५ मध्ये फळ न देणारा फाटा काढून टाकण्याचं वचन आहे, ते लपवून चालणार नाही. मी त्याकडे भेट कलमाच्या बाजूने पाहते. दुसऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. पण ज्याला आपण तुटलो की काय याची धास्ती वाटते, त्याच्याबद्दल मला सहसा काळजी वाटत नाही.

हे माझं आणि येशूचं खासगी नातं ना?

नाही. दमिष्कच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढे पौल झालेल्या माणसाला, येशूची हाक आली ती ‘माझा छळ का करतोस’ अशी. तो तर मंडळीतल्या माणसांना पकडायला चालला होता. येशूने ‘त्यांचा’ म्हटलं नाही. पौलाची पुढची सगळी शरीराची आणि अवयवांची भाषा बहुधा त्या एका ‘माझा’तून उगवली.

म्हणून करिंथच्या मंडळीवर तो इतका चिडतो. तिथे प्रभुभोजनाला पैसेवाले आधी येऊन जेवून घ्यायचे, कोणी पिऊन तर्र व्हायचा आणि गरीब उपाशी राहायचे. आम्ही हा अध्याय डिसेंबरात वाचला होता. त्याच आठवड्यात नाताळच्या जेवणाची तयारी चालली होती. एकाने विचारलं, खालच्या वॉचमनचं ताट धरलंय का? धरलं नव्हतं. तो ख्रिस्ती नाही, तेव्हा पौलाचा दाखला त्याला तंतोतंत लागत नाही, हे मलाही कळतं. पण कोणी वाद घातला नाही. दोन ताटं वाढली.

माझ्या घरचे हिंदू आहेत. ख्रिस्ताशी एक झाले म्हणजे त्यांच्यापासून तुटले का?

पौलाने करिंथकरांना साफ सांगितलं की विश्वास न ठेवणारा नवरा सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, तो पत्नीमुळे पवित्र झालेला आहे. सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावायचं असेल तर लावा.

मेल्यावर?

दर २ नोव्हेंबरला आमच्या कॅथलिक मैत्रिणी कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात, आणि मीही एकीबरोबर जाते. जुन्या मराठी दगडांवर ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ असं कोरलेलं असतं. ते ‘मध्ये’ सवयीने लिहिलेलं नाही. थेस्सलनीकाकरांना पौल ‘ख्रिस्तामध्ये मेलेले’ असं लिहितो, म्हणजे मेले तरी पत्ता तोच. १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या, विश्वासाची शिकवण देणाऱ्या लहान प्रश्नोत्तरीत तर आणखी पुढे जाऊन म्हटलंय की विश्वासणाऱ्यांची शरीरंसुद्धा ख्रिस्ताशी जोडलेल्या अवस्थेतच कबरीत विसावतात, पुनरुत्थानापर्यंत. आत्मा नव्हे, शरीर. मातीत गेलेलं. मी आईच्या दगडापाशी हे पहिल्यांदा आठवलं तेव्हा बराच वेळ उठले नाही.

वाचायला कुठून सुरुवात करू?

इफिसकरांस पत्र, पहिला अध्याय. पेन्सिल घ्या आणि ‘ठायी’ किंवा ‘मध्ये’ दिसेल तिथे खूण करा. मग योहान १५, मग रोमकर ६. गुरुवारी येणार असाल तर पेन्सिल घेऊनच या. आमच्याकडच्या सगळ्या कोणी ना कोणी घेऊन गेलंय.